ठाण्यातल्या आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात मधुमेहाचा अभ्यास करायचाय. प्रोग्रामर नाही, तरी फॉर्म आणि डेटाबेस तयार होईल का?

होईल, रेडकॅप (REDCap) वापरा, म्हणजे संशोधनाचा डेटा गोळा करायची वेबवरची प्रणाली. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ साली सुरू झालेली ही प्रणाली तुम्ही भरलेल्या डेटा डिक्शनरीवरून, म्हणजे प्रश्नांच्या तक्त्यावरून, चालते. एका ओळीत एक प्रश्न: व्हेरिएबलचं (त्या प्रश्नाच्या रकान्याचं) नाव, उत्तराचा प्रकार, किमान-कमाल मर्यादा, कोणत्या उत्तरानंतर तो दिसावा. फॉर्म, तपासण्या आणि डेटा एक्सपोर्ट त्यावरूनच बनतात. खारघरला एका अभ्यासाचा डेटा मी असाच सांभाळतो. उत्तरांच्या पर्यायांना दिलेले आकडे मात्र आधीच पक्के करा. १ म्हणजे ‘हो’ ठरवून नंतर ‘नाही’ केलंत, तर जुन्या नोंदींचा अर्थच उलटतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही! ना-नफा संस्थांना रेडकॅप मोफत आहे, पण व्हँडरबिल्टशी करार संस्थेच्या नावे होतो आणि सर्व्हर सांभाळायला आयटीवाला लागतोच.