मुस्लिम स्त्रियांनी काय घालावं, हे सरकारने कायद्याने ठरवावं का?

माझं मत: नाही. फक्त जबरदस्तीला शिक्षा असावी. फ्रान्सचा २०१० चा कायदा बघा, त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत.

कायद्यात 'बुरखा' किंवा 'इस्लाम' हे शब्दच नाहीत. सार्वजनिक जागी चेहरा झाकणारा पोशाख नको, एवढंच. त्यामुळे हिजाबला (डोकं झाकणारा, पण चेहरा उघडा ठेवणारा रुमाल) रस्त्यावर बंदी नाही. सरकारी शाळेत विद्यार्थिनींना आहे, पण तो २००४ चा वेगळा कायदा. (आपल्याकडच्या चर्चेत या दोन्हींची हमखास खिचडी होते.) हेल्मेट, वैद्यकीय कारण, खेळ, उत्सव यांना सूट. प्रार्थनास्थळंही घटना परिषदेने (कायदा घटनेत बसतो का ते तपासणारी फ्रान्सची संस्था) वगळली. चेहरा झाकल्यास दंड १५० युरोपर्यंत, किंवा नागरिकत्वाच्या शिकवणी वर्गाला सक्तीची हजेरी, किंवा दोन्ही. दुसऱ्याला झाकायला भाग पाडल्यास मात्र १ वर्ष कैद आणि ३०,००० युरो. पीडित अल्पवयीन असेल तर दुप्पट.

गोची इथेच आहे. घरातली जबरदस्ती सिद्ध करायला तिनेच नवऱ्याविरुद्ध किंवा बापाविरुद्ध बोलावं लागतं. रस्त्यावरचा नकाब (चेहरा झाकणारा पडदा) पोलिसाला नुसता दिसला की पुरे. म्हणजे जिला वाचवायचं म्हणता, तिच्याच हातात पावती! आणि जिच्यावर खरंच सक्ती आहे, तिचं बाहेर पडणंच बंद होऊ शकतं.

२०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, तोही सुरक्षेच्या मुद्द्यावर नव्हे, तर 'एकत्र राहणं' (म्हणजे समाजात चेहरा उघडा ठेवून एकमेकांत मिसळणं) या कारणावर. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने नेमकं उलट मत दिलं.

इराणमध्ये १९३६ ला पोलीस बायकांची चादर (डोक्यापासून पायापर्यंत पांघरायचं वस्त्र) ओढून काढत होते, १९८३ मध्ये डोकं न झाकल्यास फटक्यांची शिक्षा आली. दोन्ही वेळा हुकूम सरकारचाच होता.