नीटमध्ये मार्क कमी आले, एमबीबीएस लागत नाही, पॅरामेडिकलला जाऊ का?

जा की, पण "काहीतरी मेडिकल पाहिजे" म्हणून नको, आधी कामं बघून ये. फिजिओ सगळ्यांना माहितीये म्हणून सगळे तिकडेच पळतात, बाकीच्यांकडे कोणी बघतच नाही. डायलिसिस टेक्निशियनचंच घे ना, किडनी काम करत नाही अशांचं रक्त मशीननं साफ करायचं काम, पेशंट आला की आधी वजन, मग किती पाणी काढायचं ते ठरवून मशीनला सेट करायचं, हाताच्या फिस्टुलात (ऑपरेशननं धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) दोन जाड सुया घालायच्या आणि पुढचे साधारण चार तास बीपीवर डोळा ठेवून बसायचं, मध्येच बीपी पडलं तर सगळ्यात आधी धावायचं तूच. आणि तोच माणूस आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं येतो, म्हणजे घरच्यासारखा होतो. मला तरी हे काम फार मोलाचं वाटतं.

लहान मुलांसोबत रमत असशील तर ऑडिओलॉजी-स्पीच थेरपी, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरचं काम बघ, मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची. हातानं वस्तू घडवायला आवडत असेल तर मुंबईतच हाजीअलीला पुनर्वसनाची संस्था आहे, तिथं कृत्रिम हातपाय बनवण्याची डिग्री आहे.

एक मात्र नीट तपास, गल्लोगल्ली "पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट"चे बोर्ड लागलेत, पैसे भरायच्या आधी कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी किंवा दुसऱ्या मान्य विद्यापीठाशी संलग्न आहे का ते विद्यापीठाच्या साइटवर बघ, कॉलेजवाल्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नको. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं आता फिजिओ, डायलिसिस अशा क्षेत्रांसाठी वेगळा राष्ट्रीय आयोग आहे, रजिस्ट्रेशनसाठी डिग्री मान्यताप्राप्तच लागणार. सुरुवातीचा पगार कमीच असतो, ते घरी आधीच सांगून ठेव.