वाचलेलं लक्षातच राहत नाही, एमपीएससी सोडू का?

प्रश्न: मॅडम, मी बार्शीची, बीकॉम झालंय. दोन वर्षं पुण्यात अभ्यासिकेत बसतेय. पॉलिटी (राज्यघटनेचा विषय) चार वेळा वाचलं तरी पेपरात दोन ऑप्शनमध्ये अडकते. बारा हजारांचा मेमरी कोर्स लावू, का सगळं सोडून मामाच्या सीए ऑफिसात जाऊ?

अगं, आधी एक सांग, वीसच्या नव्या नोटेच्या मागे कुठलं चित्र आहे? पर्स उघडायची नाही हं. वेरूळची लेणी आहेत. 2019 पासून ती नोट आपण देतोय घेतोय, लेणी आपल्याच महाराष्ट्रातली, तरी भाच्याने विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं लाल किल्ला. तो पाचशेवर आहे.

तुझ्या पॉलिटीचं पण हेच झालंय बघ. चौथ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, हायलायटर कुठल्या कोपऱ्यात मारलाय ते सुद्धा दिसतं, मग वाटतं झालं हे आपलं, आणि पेपरात दोन्ही ऑप्शन सारखेच ओळखीचे वाटतात, तिथेच गाडी अडते. त्यात 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, म्हणजे तिथे ओळखायला समोर ऑप्शनच नाहीत, सगळं आतून काढायचंय.

2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा चार बैठकींत वाचला, काहींनी एकाच बैठकीत वाचून पुढे तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना 61. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता!

म्हणून पाचव्यांदा वाचू नकोस. मूलभूत हक्क घे, कलम 12 ते 35, एकदा वाच, पुस्तक बंद, कोऱ्या कागदावर आठवेल तसं लिही. पहिल्या दिवशी कागद अर्धा रिकामा राहील, रडू येईल, येऊ दे. मग पुस्तक उघडून फक्त राहिलेलं लाल पेनाने भर. तोच धडा उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, दर वेळी कोरा कागद. आणि फोन बॅगेत ठेव, टेलिग्रामवर पीडीएफ सेव्ह केली म्हणजे अभ्यास झाला असं वाटायला लागतं, ते पण वाचण्यासारखंच फसवं.

कोर्सचं म्हणशील तर नको. तिथे वीस वस्तूंची यादी गोष्टीत गुंफून पाठ करायला शिकवतात, ट्रिक खरी आहे, पण पॉलिटीत समजून लिहायचं असतं, तिथे ती फार पुरत नाही. बारा हजारांत तुझी तीन महिन्यांची मेस निघेल.

मामांकडे जायचं तर खुशाल जा, अकाउंट्स आवडत असेल तर मी आनंदाने हो म्हणेन, पण मेमरी वीक आहे म्हणून जाऊ नकोस, कारण ती वीक आहे असं तुझ्या पत्रात मला तरी कुठे दिसलं नाही. येत्या पूर्व परीक्षेपर्यंत असा अभ्यास कर, घरी ही शेवटची तारीख आत्ताच सांगून टाक, आणि महिन्याने ते लाल पेनाचे कागद मला फोटो काढून पाठव.