बायकोला कुत्र्यांचं प्रचंड वेड आहे, बाहेर पडलं की प्रत्येक कुत्र्यापाशी थांबते. ही सवय कशी मोडावी?

मोडू नका. खरं तर एवढंच उत्तर आहे. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, की संध्याकाळी रत्नागिरीत मांडवीला फिरायला गेलं की ती दर दहा पावलांवर कुठल्यातरी कुत्र्याशी बोलत उभी राहते, लोक बघतात, आणि घरचे म्हणतात "बायकोला जरा आवर", ते वाचून राहवलं नाही. "बायकोला आवर" हे वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून प्रत्येक गणपतीला ऐकलंय, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, आणि माझी बायको आत पोळ्या लाटत असताना.

आम्ही गुहागरचे. नारळ-पोफळीचं आगर आहे आणि दोन खोल्या पर्यटकांना देतो. बायको कऱ्हाडकडची, तिकडे शेतावर कुत्री असायचीच, त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात तिची ओळख शेजारणींच्या आधी कुत्र्यांशी झाली. त्यांच्याशी ती अजून कऱ्हाडी बोलते, "काय रं, जेवलास का, ये की हिकडं", आणि आमची कोकणातली कुत्री ते बरोबर समजतात. बँकेत जायचं असो, व्याडेश्वराला जायचं असो, मासे आणायला जायचं असो, अर्धा तास आधी निघावं लागतं हे खरंय. एसटी स्टँडपाशी ढवळी, तिला कानामागे खाजवायचं, पुढे तांब्या, त्याच्या पायात काटा बिटा नाही ना बघायचं, मग मच्छीवाल्या बायका हाक मारतात, "वहिनी, तुमच्या पोरांसाठी ठेवलंय", म्हणून माशांची डोकी पिशवीत. मी बाजूला उभा राहतो. आधी मोबाईल बघायचो, आता मीही कुत्रीच बघतो.

तुम्ही म्हणता लोक बघतात. बघू देत ना. लोक दुसऱ्यांच्या लग्नातल्या साड्यापण बघतात.

आता दादाचं म्हणणं काय, तर कुत्री हिच्यामुळे वाढली, ही खायला घालते म्हणून येतात. हे साफ चुकीचं आहे. किनाऱ्यावरच्या गावात कुत्री असतात ती माशांच्या कचऱ्यावर, हॉटेलांच्या खरकट्यावर आणि पर्यटकांनी पुळणीवर टाकलेल्या चिकनच्या हाडांवर. पटत नसेल तर पावसाळ्यात येऊन बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, पर्यटक नाहीत, निम्मी हॉटेलं बंद, आणि त्या दिवसांत बंदरावरच्या कुत्र्यांच्या बरगड्या मोजता येतात. आमची ही रोज भात शिजवून द्यायला लागली ती तेव्हा, कुत्री आधीपासून होतीच. तिच्या भाताने कुत्री वाढत असती तर पाऊस संपल्यावर दारात रांग लागली असती, तसं काही होत नाही, नारळी पौर्णिमा झाली की परत सगळी बंदराकडे पळतात. वाढायची थांबवायची असतील तर नसबंदी करा. सरकारी नियमच तसे आहेत, २०२३ चे, पकडायचं, ऑपरेशन करायचं, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, आता बाहेर पडलात की बघा, तुमच्या बायकोला माहीत असेलच.

पण मला सांगायचंय ते दिवाळीचं. त्या वर्षी दादा मुंबईहून सगळ्यांना घेऊन आला होता. आमच्या घराच्या मागे पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या अंगाला एक बंद घर आहे, मालक मुंबईला, वर्षाकाठी एकदा येतात. तिथल्या पडवीत एक करड्या कानाची कुत्री व्यायली होती. हे फक्त हिला माहीत होतं, कारण हिने तिला रस्त्यात बघितलं तेव्हा सड उतरलेले दिसले आणि पिल्लं कुठे आहेत हे शोधून काढलं. शोधून काढलं आणि लगेच घरी येऊन सांगितलं की पोरांना तिकडे पाठवू नका, ती आत्ता अंगावर येईल. दादा म्हणाला, झालं हिचं सुरू. पोरांना कोणी काही सांगितलं नाही. मी तेव्हा आगरात नारळ उतरवणाऱ्या माणसाबरोबर होतो नाहीतर मी सांगितलं असतं.

तिसऱ्या प्रहरी पोरांचा बॉल गडग्यापलीकडे गेला, पुतण्या तो आणायला पडवीपर्यंत गेला आणि कुत्रीने पोटरी धरली. दात रुतले होते, रक्त येत होतं. घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका, कोणी हळद घेऊन आलं, कोणी चुना, एक शेजारी आजोबा म्हणाले मिरची भरा, वहिनी रडत होती. आमच्या हिने काय केलं, पोराला उचललं, मोरीत नेऊन बसवलं आणि नळ सोडून साबण लावून ती पोटरी धुवायला लागली. पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. पोरगा ओरडत होता, दादा म्हणत होता अगं गाडी काढतोय, चल, आणि ती म्हणाली आधी धुणं, मग गाडी. हे तिचं शंभर टक्के बरोबर होतं. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत जातो, तिथून नसांच्या वाटेने मेंदूकडे चढतो, आणि साबणाने तो जखमेतच बराचसा मरतो. हळद, चुना, मिरची यातलं काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही, टाके शक्यतो लगेच घालायचे नाहीत. लक्षणं दिसायला लागली की मग जगात त्यावर औषध नाही, माणूस जवळजवळ जातोच. म्हणून जे काही करायचं ते लक्षणांच्या आधी.

मग ग्रामीण रुग्णालय. लस दंडात, आता पोटात चौदा इंजेक्शनं वगैरे राहिलेली नाहीत, ती भीती अजून गावात आहे म्हणून सांगतो. रक्त आलेलं असलं की नुसती लस पुरत नाही, जखमेच्या भोवती सिरमपण, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, टोचावं लागतं, कारण लसीने शरीर तयार व्हायला वेळ लागतो आणि तेवढे दिवस सिरम सांभाळतं. त्यासाठी आम्ही त्याच संध्याकाळी चिपळूणला गेलो. पुढच्या तारखा हिने केसपेपरच्या मागे लिहून काढल्या, पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात त्याच्या या तारखा, दंडाच्या स्नायूत दिली तर चौदावा दिवसपण असतो.

आणि खरी गंमत, म्हणजे गंमत नाही, खरी गोष्ट पुढे आहे. डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं कुठलं, पाळीव का भटकं, आता कुठे आहे? तिथे इतर पेशंटही होते, कुणालाच आपल्याला चावलेलं कुत्रं नीट सांगता येत नव्हतं, काळं होतं, पळून गेलं, एवढंच. आमच्या हिने सांगितलं, करड्या कानाची मादी, पिल्लं अमुक घराच्या पडवीत, काल दुपारी मी तिला खाताना बघितलंय, पाणी पीत होती, लाळ गळत नव्हती. डॉक्टर म्हणाले, उत्तम, दहा दिवस नजर ठेवा. यामागचं कारण असं की कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरलेला असेल तर ते कुत्रं थोड्याच दिवसांत आजारी पडून मरतं. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. अर्थात त्यासाठी लस थांबवायची नसते, लस लगेच सुरू करायची आणि नजर ठेवायची, दोन्ही एकदम.

घरी आलो तर इकडे भलतंच ठरलेलं. दादा आणि अजून दोघंतिघं म्हणत होते, विष घालू, संपवून टाकू. ही दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "भाऊजी, ती मेली तर पोराला काय झालंय हे कोण सांगणार? ती जिवंत राहायला पाहिजे." कोणालाच उत्तर देता आलं नाही. शिवाय जनावराला विष घालणं हा गुन्हा आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्या दिवशी कायद्याची गरजच पडली नाही. रोज सकाळी ती पाखाडी चढून जायची, लांबूनच भात ठेवायची आणि कुत्री खाते का, चालते कशी, हे बघून फोटो काढून दादाला पाठवायची. सगळे दिवस पुरे झाले आणि ती कुत्री पिल्लांना घेऊन खाली बेड्याशी, म्हणजे आमच्या आवाराच्या फाटकाशी, येऊन बसायला लागली. पोरगा मुंबईला गेल्यावर शेवटच्या डोसच्या आदल्या रात्री इथून फोन हिचाच गेला होता, वहिनीच्या लक्षात होतं, दादाच्या नव्हतं.

म्हणून मला तुमचा प्रश्न लागला. रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्यापाशी थांबणारी बाई वेळ घालवत नसते. कुठलं कुत्रं नवीन आलंय, कुठलं आजारी आहे, कोण व्यायलंय, कोण अचानक चिडकं झालंय हे गावात फक्त तिला माहीत असतं, आणि ज्या दिवशी लागतं त्या दिवशी ते दुसऱ्या कोणाकडे मिळत नाही.

आता काही गोष्टी, ज्या तुम्ही तिला सांगाव्यात, म्हणजे सांगाव्यात कसल्या, तिच्याबरोबर कराव्यात. अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावर वरून हात न्यायचा नाही, त्याला आधी हुंगू द्यायचं. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लंवाल्या कुत्रीला हात लावायचाच नाही. शाळेच्या फाटकाशी आणि लहान मुलं खेळतात तिथे खायला घालायचं नाही, यात लोकांचं बरोबर आहे, मी त्यांच्या बाजूने आहे, आणि नियमही तेच सांगतात की जागा ठरवून घाला. शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत, ती फुटून आत लागतात. रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढतात त्या मोठ्या जाळ्यातून, टाकलेला केंड मासा दिसला तर कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, विषारी असतो. पावसात गोचीड आणि लेप्टो (जनावरांच्या लघवीतून पाण्याचिखलात उतरणारा ताप) दोन्हींचा त्रास, हातापायाला जखम असेल तर चिखलात उतरून लाड नकोत.

आणि किनाऱ्याचं विशेष. थंडी सुरू झाली की आमच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आमच्याच जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून लोक ती अंडी राखतायत, गुहागरलाही राखतात, आणि अंडी उकरून खाणाऱ्यांत कोल्ह्यांइतकीच कुत्री असतात. त्या महिन्यांत आमची ही पुळणीवर काही घालत नाही, पार आत रस्त्याकडे घालते, म्हणजे रात्री कुत्री तिकडे ओढली जातील. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, कासवांचं काम करणाऱ्या मुलांशी बोलून तिने स्वतः ठरवलं. कुत्र्यांवर जीव असलेला माणूस बाकीच्या जनावरांचाही विचार करतो, दादा, हे तुझ्यासाठी लिहितोय, कारण तू हे वाचणार आहेस हे मला माहितीये. पोराच्या केसपेपरच्या मागे तारखा कोणाच्या अक्षरात आहेत ते काढून बघ आणि यंदा गणपतीत पंगतीत ते वाक्य परत बोलू नकोस.

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंना, तुमच्या भांडणात मी पडत नाही, तुमच्या घरचं तुम्हाला माहीत. फक्त ती रोज इतक्या कुत्र्यांना हात लावत असेल तर तिने चावण्याआधीची लस घेऊन ठेवावी, तीन डोस असतात, पहिला दिवस, सातवा आणि एकविसावा किंवा अठ्ठाविसावा. मग पुढे कधी चावलंच तर दोनच डोस लागतात आणि सिरम लागत नाही, धुणं मात्र तेवढंच. डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात जा. तुम्हीही घ्या, कारण थोड्या दिवसांनी तुम्हीपण थांबायला लागणार.