कॅमेरा दारावर, १४ लाख पतसंस्थेत

पत्र थोडक्यात असं: आईबाबा (६३ आणि ६८) कऱ्हाडला दोघंच राहतात, शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली म्हणून चार कॅमेरे आणि व्हिडिओ डोअर फोन बसवायचाय. कोटेशन ९६ हजारांचं, त्यातले शब्द कळत नाहीत. बाबांची १४ लाखांची ठेव पतसंस्थेत ११ टक्क्यांनी आहे, ती मोडायला नको म्हणून २ वर्षांच्या ईएमआयवर १६ टक्क्यांनी घेऊ का?

कॅमेऱ्याचं आधी उरकतो. 'पीओई' म्हणजे एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही, आणि तुमचं घर जुनं, जाड दगडी भिंतींचं, म्हणजे वायफाय आतपर्यंत धड पोचणार नाही आणि बहुतेक वायफाय कॅमेऱ्यांनाही विजेची वायर ओढावी लागतेच, तेव्हा पीओईच घ्या. 'आयपी कॅमेरा' मधलं आयपी नेटवर्कचं, आणि 'आयपी ६७' मधलं धूळ-पाण्याचं, दोन्ही वेगळं आहे. 'ओएनव्हीआयएफ' लिहून घ्या, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा त्याच रेकॉर्डरवर चालेल. आता '३० दिवस बॅकअप, १ टीबी हार्ड डिस्क' ही ओळ बघा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट धरला तरी चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ जीबी होतात, म्हणजे १ टीबी साडेअकरा दिवसांत भरली. तिसाचा आकडा कुठून आला ते विक्रेत्याला विचाराच. फिरणारा पीटीझेड कॅमेरा २२ हजारांचा, तो फिरवत कोण बसणार? रेकॉर्डर घरात असताना तीन वर्षांचं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, १४ हजारांना कशासाठी? हे दोन्ही काढा, पीटीझेडच्या जागी साधा कॅमेरा, हार्ड डिस्क मोठी आणि लाइट जाते तिथे छोटा यूपीएस, सगळं धरून ७० हजारांच्या आसपास बसवा. तुमच्याच बचत खात्यात १ लाख ३० हजार आहेत असं तुम्हीच लिहिलंय मग ईएमआय कशाला, ९६ हजारांवर साधारण १७ हजार नुसतं व्याज जाईल.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. १४ लाख, म्हणजे आईबाबांची जवळजवळ सगळी पुंजी, एकाच पतसंस्थेत, आणि कारण काय तर 'चेअरमन ओळखीचे आहेत'. अहो, बँकेतल्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाहीच, एक रुपयाचासुद्धा नाही! ११ टक्के देणारी संस्था कर्ज १४-१५ ने देणार, आणि त्या दराने घेणारा बहुतेक वेळा तोच ज्याला बँकेने दारात उभं केलेलं नसतं. सगळ्याच पतसंस्था वाईट नसतात, मान्य, पण सगळी पुंजी तिथे ठेवायची नसते. माझ्या मामाचे ६ लाख अशाच एका संस्थेत अडकले, प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन तो सात वर्षं सहकार खात्याच्या पायऱ्या चढत होता, हाती आले दीड लाख. तिथलेही संचालक ओळखीचेच होते, एक तर आमच्या घरी जेवायला यायचा.

पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्के आहेत, १४ लाखांवर दर तिमाहीला २८,७०० रुपये. पतसंस्था त्यापेक्षा वर्षाला ३९ हजार जास्त देते. मुद्दल गेलं तर या जादा ३९ हजारांनी ते भरून यायला जवळजवळ ३६ वर्षं लागतील आणि बाबा आजच ६८ चे आहेत.

एकदम सगळं मोडू नका, मुदतीआधी मोडलं तर व्याज कापतील. शनिवारी कऱ्हाडला जा, पावत्या मुदतीप्रमाणे लावा, आणि एकही रिन्यू होऊ देऊ नका, 'आपोआप नूतनीकरण नको' असं लेखी देऊन पोच घ्या. सगळ्यात लांब मुदतीची एक पावती मात्र आत्ताच मोडायला द्या, थोडं व्याज गेलं तरी चालेल. आठवड्यात पैसे खात्यात आले तर बाकीच्या मुदतीपर्यंत थांबता येईल. 'पुढच्या महिन्यात बघू' असं ऐकायला मिळालं तर थांबू नका, त्याच दिवशी सगळ्या पावत्यांचा लेखी अर्ज द्या. सोबत आईंनाही न्या, पावत्यांवर त्यांचं नाव असेल तर सही त्यांचीही लागेल.