सासूबाईंना त्यांचं स्वतःचं ऑयस्टर कार्ड द्या

उन्हाळा जवळ आला की या सदराच्या टपालात एकच विषय वाढतो: 'आमच्याकडे पाहुणे येताहेत' किंवा 'आम्ही पाहुणे म्हणून जातोय'. या वेळची तिन्ही पत्रं लंडनची आहेत. मीही इतकी वर्षं तिथेच हॅरोला संसार केलाय, त्यामुळे उत्तरं जरा ऐसपैस झाली आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी सात वर्षांची. सासू-सासरे सांगलीहून मे ते जुलै राहायला येताहेत. मागच्या खेपेला दर शनिवार-रविवारी आम्ही त्यांना सगळीकडे पळवलं आणि सोमवार ते शुक्रवार ते घरात टीव्ही बघत बसले. निघताना सासरे म्हणाले, "लंडन झकास आहे, पण आम्हाला काही ते भेटलं नाही." ते मनाला फार लागलं. यंदा कुठे कुठे नेऊ? एखादी यादी द्याल का?
— एक सून, हॅरो

उत्तर: अगं, यादी मी देणार नाही. बिग बेन, लंडन आय, राजवाडा ही यादी त्यांना सांगलीतच तोंडपाठ असणार. सासऱ्यांचं वाक्य पुन्हा वाच. गावी जो माणूस सकाळी उठून दूध-पेपर स्वतः आणतो, मंडईत घासाघीस करतो, कट्ट्यावर दोन घटका बोलतो, तो इथे आला की कोपऱ्यावर जायलाही सूनबाई घरी येण्याची वाट बघतो. त्यांना ठिकाणं कमी पडली नाहीत, मोकळीक कमी पडली.

म्हणून पहिल्याच आठवड्यात घराची जादा किल्ली त्यांच्या खिशात जाऊ दे. फोनमध्ये इथलं सिम टाक. आणि दोघांना दोन वेगळी ऑयस्टर कार्डं दे, म्हणजे आधी पैसे भरून बस-रेल्वेत टेकवायची कार्डं. एकाच कार्डावर दोघांना नेता येत नाही, आणि लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत. हातात वीस पौंडांची नोट आणि तरी बसमध्ये चढता येत नाही, हा अपमान म्हाताऱ्या माणसाला फार झोंबतो. नवी कार्डं घेण्याआधी घरातला ड्रॉवर उचकून बघ. जुन्या पाहुण्यांची कार्डं सापडतील. त्यांतली शिल्लक बुडत नाही. सासरे विचारणारच, "ज्येष्ठ नागरिकांना सवलत नाही का?" आहे, पण ती इथल्या रहिवाशांना. हे त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ड्रायव्हरशी वाद घालतील. नातीला मात्र बस आणि ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, दोन्ही फुकट, अकरा वर्षांची होईपर्यंत.

बसच शिकव, ट्यूब नंतर. बसचं भाडं सध्या पावणेदोन पौंड, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. माझी आई मिरजेची. तिला हा नियम कळला आणि तिचा लंडनशी सूर जुळला. 182 नंबरने वेम्बलीला जायचं, ईलिंग रोडवर मेथी, आळूची पानं, गवार घ्यायची आणि तासाच्या आत परतीच्या बसमध्ये चढायचं. एकदा मी सोबत होते. दुकानात गल्ल्यापुढे ही रांग. आईने पदराखालून मनगट काढून घड्याळ बघितलं आणि पुढच्या गुजराती काकूंना म्हणाली, "बेन, जरा लवकर करो, मेरा टिकट संपता है." त्या काकूंनी मागे वळून विचारलं, "तुमचं पण?" त्यांचाही तोच हिशेब चालला होता. पुढे त्या दोघी ठरवून जायला लागल्या. आईला हॅरोत मैत्रीण मिळाली ती अशी, मी कुठे ओळख करून दिली म्हणून नाही.

शिकवायचं कसं? पहिल्या फेरीला तू शेजारी बस. दुसऱ्या फेरीला दोन बाकं मागे बस आणि लाल बटण त्यांनाच दाबू दे. तिसऱ्यांदा त्यांना एकटं जाऊ दे आणि फोन करून विचारू नकोस. पुढचा स्टॉप पाटीवर दिसतो, शिवाय रेकॉर्ड केलेल्या आवाजात बाई बोलूनही सांगते. इंग्रजी येत नाही ही सबब आमच्या आईचीही होती; स्टॉपचं एक नाव कानाला ओळखीचं झालं की पुरतं. फक्त बस चालू असताना वरच्या मजल्याचा जिना चढू नका म्हणावं.

ईलिंग रोडवरच 2010 साली उघडलेलं सनातन हिंदू मंदिर आहे. बारीक कोरीव कामाचं, दगडी. सासूबाई तिथे तासभर सहज रमतील. नीसडनचं 1995 सालचं स्वामिनारायण मंदिर जास्त प्रसिद्ध आहे, तेही दाखव. पण रोजच्या जाण्यायेण्याला भाजीबाजाराशेजारचं देऊळ बरं.

घराजवळची बाग त्यांना दाखवून ठेव. उन्हात बाकावर बसलं की पंधरा मिनिटांत कुणीतरी येऊन बोलतं. ते इंग्रज असेलच असं नाही. आणि हिरवे पोपट दिसतील. चित्रातले नव्हेत, आपल्याकडे पेरूच्या झाडावर धाड घालतात तेच, गळ्याला काळा-गुलाबी कंठ असलेले. लंडनच्या बागांतून आता हजारोंनी आहेत. माझ्या मामेसासऱ्यांनी राजवाड्याचा एकही फोटो काढला नाही, पोपटांचे मात्र पन्नास काढले.

एक सांभाळ. जूनमध्ये इथे सूर्य मावळतो सव्वानऊनंतर. सासूबाई दिवेलागणीनंतर जेवणाऱ्या असतील तर पहिले चार दिवस सगळं घर उपाशी राहतं. घड्याळात सात वाजले की दिवा लावायचा, बाहेर कितीही ऊन असो, असा ठराव आमच्याकडे झाला होता. आणि बेडरूमला जाड पडदे लाव, कारण पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि सासरे उठून चहाची भांडी वाजवायला लागतात.

आता शनिवार-रविवार. दोन दिवसांत एकच ठिकाण, एवढं पथ्य पाळ. त्यातही शुक्रवारची संध्याकाळ वाया घालवू नकोस. साउथ केन्सिंग्टनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, प्रवेश फुकट. तू ऑफिसातून परस्पर तिकडे जा, तोवर ते आपल्या कार्डावर तिथे पोचतील. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ तिथेच आहे, खाली पडलेल्या गोऱ्या शिपायाच्या नरडीला लागलेला. पोटात ऑर्गनची पेटी. नात त्याच्यापुढून हलणार नाही. सासरे वाघनखांची चौकशी करतील. ती 2024 च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला गेली, तेव्हा सांगलीहून निघण्याआधीच ती कुठे मांडली आहेत ते त्यांना बघायला सांग.

आणि वॉटर्लूला उतरून रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जा. तिकीट काढू नकोस. आतली काचेची लिफ्ट शोध. लिफ्ट वर चढते तसे आत लावलेले गायकांचे रेकॉर्ड केलेले आवाज पायरीपायरीने वर जातात, खाली उतरते तसे खाली येतात. चक्क आरोह-अवरोह. माझी आत्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेली. चार वेळा वर-खाली झाली, तिसऱ्या वेळी आवाजात आवाज मिसळायला लागली, आणि व्हायोलिनची पेटी घेऊन चढलेला एक मुलगा आपला मजला आला तरी उतरला नाही. त्याच इमारतीत बसायला ऐसपैस जागा आहे आणि स्वच्छतागृह आहे. साठीच्या पुढच्या माणसाला घेऊन फिरताना या दोन गोष्टींवरच दिवस ठरतो. बाहेर आलं की समोर थेम्स. घरून दशम्या नेल्या असतील तर तिथेच खायच्या, कुणी वळूनही बघत नाही.

मादाम तुसाँ मात्र मला कधी पटलं नाही. मेणाच्या अमिताभशेजारी उभं राहायला एवढे पैसे? पण सासूबाईंना हौस असेल तर ने. माझं मत तुझ्या डोक्यावर नको.

डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम बघून ठेव. 1932 पासूनचं मंडळ आहे, तिथे सांगलीचं कुणी ना कुणी निघतंच. मग पुढच्या शनिवारचा बेत तुला विचारून ठरणार नाही, याची तयारी ठेव.

प्रश्न: मी कराडचा निवृत्त शिक्षक, वय 71. मुलगा लंडनला असतो, आम्ही उभयता दोन महिन्यांसाठी जाणार आहोत. सौ.चे गुडघे दुखतात. मुलाला त्रास नको म्हणून घरीच बसावं असं ती म्हणते. मला कोहिनूर बघायचा आहे आणि बाबासाहेब जिथे राहिले ते घर बघायचं आहे. जमेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर: सर, दोन्ही जमेल, आणि वहिनींनाही जमेल. घरी बसलेले आई-वडील हा मुलाला जास्त त्रास असतो. ऑफिसात त्याचं अर्धं लक्ष घरी राहतं.

गुडघ्यांचं आधी. लंडनची ट्यूब जुनी आहे, बऱ्याच स्टेशनांत लिफ्ट नाही. जिने नसलेल्या वाटांचा वेगळा नकाशा मिळतो, तो मुलाकडून छापून घ्या. ज्युबिली लाइनवर वेम्बली पार्क, ग्रीन पार्क, वेस्टमिन्स्टर, वॉटर्लू, लंडन ब्रिज इथे लिफ्टने थेट फलाटापर्यंत जाता येतं. 2022 साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन तर सगळी लिफ्टचीच. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभं राहायचं. डावी बाजू घाईत असलेल्यांची.

कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. टॉवर हिल स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच. तिकीट महाग आहे, आधी काढून ठेवा आणि दार उघडताच पोचून तडक ज्वेल हाउस गाठा. अकरानंतर रांग लागते. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहून पुढे जायचं. त्यामुळे कोहिनूर डोळ्यांसमोर येतो आणि जातो, बघता बघता. माझ्याकडचा प्रत्येक पाहुणा पट्ट्यावरून उतरताना एकच शब्द बोलला आहे: "एवढाच?" खरं आहे. सध्याच्या राजाच्या आजीसाठी 1937 साली घडवलेल्या मुकुटात तो पुढच्या बाजूला बसवला आहे. आपल्याकडून नेला तेव्हा 186 कॅरटच्या घरात होता. 1852 मध्ये इथे पैलू पाडताना 105 वर आला. मागे फिरून पुन्हा पट्ट्यावर चढता येतं, कुणी अडवत नाही. तुम्ही पुन्हा जा, वहिनींना तिसऱ्यांदाही जावंसं वाटेल. बाकीचे बुरुज मात्र अरुंद दगडी जिन्यांचे आहेत. तिथे एकाने जावं, दुसऱ्याने बाकावर बसून डोमकावळे बघावेत.

बाबासाहेबांचं घर 10, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये ते इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ते विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनातून चालत जाता येतं. उघडण्याच्या वेळा निघण्याआधी मुलाला बघायला सांगा. घर म्हणजे साध्या रांगेतलं एक घर, बाहेरून चटकन ओळखूही येणार नाही. तिथून प्रिमरोझ हिल जवळच आहे. चढ सोपा आहे, वाटेत बाकं आहेत आणि वरून अख्खं लंडन दिसतं. आणखी एखाद्या दिवशी ब्रिटिश म्युझियमला जाल तेव्हा मधल्या चौकातली गोल इमारत नीट बघा. तेव्हाचं वाचनालय ते, बाबासाहेब दिवसच्या दिवस तिथे वाचत बसत. शिक्षकाने बघावं असं लंडनमध्ये याहून दुसरं मला तरी माहीत नाही.

नाइलाजाने दोन रूक्ष गोष्टी. प्रवास विमा काढल्याशिवाय निघू नका. इथली सरकारी आरोग्यसेवा तुम्हाला अपघात विभागात फुकट तपासेल, पण दाखल व्हावं लागलं तर बिल येतं, तेही जबर. रोजची औषधं पुरेशी घ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. दुसरं, दुधाचे पदार्थ आणायला परवानगी नाही, म्हणजे कंदी पेढे घरीच ठेवावे लागतील. वहिनींना वाईट वाटेल, पण विमानतळावर कचऱ्यात टाकताना याहून वाईट वाटतं. शेंगदाण्याची चटणी आणा, भाजणी आणा, कांदा-लसूण मसाला आणा. तो मात्र तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर स्वेटर वर्षभर वास मारतात.

प्रश्न: मी इलफर्डला एका खोलीत राहतो, मास्टर्स करतोय. पुण्याचे तीन मित्र युरोपवरून परत जाताना चार दिवस माझ्याकडे उतरणार. त्यांना 'सगळं' बघायचंय, आणि माझ्याकडे पैसे नाहीत.
— कंगाल यजमान

उत्तर: अरे, पैसे नाहीत हे त्यांना आजच कळव, हीथ्रोला उतरल्यावर नको.

सगळं बघायचंय ना? 24 नंबरच्या बसमध्ये हॅम्पस्टेड हीथला चढा, वरच्या मजल्यावर पुढची बाकं पकडा आणि पिम्लिकोपर्यंत हलू नका. कॅम्डेन, ट्रॅफल्गार स्क्वेअर, वेस्टमिन्स्टर सगळं काचेतून येतं, पावणेदोन पौंडांत. टूरिस्ट बसवाले याचेच किती घेतात ते एकदा बघच. उंचावरून शहर बघायचं तर स्काय गार्डन फुकट आहे, पण जागा आधी ऑनलाइन धरावी लागते. लंडन आयच्या पाळण्याला फक्त खालून हात दाखवा.

नाटकाला न्यायचं तर शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरला ने. मधल्या उघड्या अंगणात उभं राहून बघायचं तिकीट फार स्वस्त असतं. तीन तास उभं राहावं लागतं, पाऊस आला तरी छत्री उघडता येत नाही, आणि नट तुमच्या खांद्याला घासून मंचावर जातात. सिंहगड चढलेल्या पोरांना काय ते.

एका संध्याकाळी युस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ आणि डोसा. युरोपात आठवडाभर पाव खाऊन आलेले असतील, तिथे त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. बिल त्यांनाच देऊ दे.

चार जण एका खोलीत म्हणजे घरमालकाला आधी विचार. आणि भांडी? पाहुणे म्हणून पहिल्या दिवशी तू घास. पुढचे तीन दिवस त्यांच्यात चिठ्ठ्या टाक.