लेदर जॅकेट भिजलं तर

सरीत सापडलेलं जॅकेट पाण्यापेक्षा घाईने वाळवल्यामुळे जास्त बिघडतं. हीटर, हेअर ड्रायर, कडक ऊन यांपैकी काहीही लावू नका. उष्णतेने कातड्याचे तंतू आकसतात, ते ताठ होऊन भेगाळतं. खिसे रिकामे करा, सुती कापडाने पाणी टिपा (घासू नका), रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत, हवेशीर जागी एक-दोन दिवस टांगा. अस्तरही पूर्ण सुकू द्या, नाहीतर बुरशी धरते. मग लेदर कंडिशनरचा (कातडं मऊ ठेवणाऱ्या क्रीमचा) पातळ हात.

पाणी अडवायला लेदरचं मेण लावलंत तरी शिवण आणि चेनमधून पाणी शिरतंच, मुसळधार पावसात वर रेनकोट हवाच. मेणाने रंग गडद होतो, आधी कॉलरच्या आतल्या बाजूला लावून बघा. स्वेडला (मखमली पृष्ठभागाच्या लेदरला) मात्र मेण नकोच! सुकल्यावर मऊ ब्रश फिरवा.